मानेचा रकाना

"थोरबोले, आता या शवागाराच्या सातबाऱ्यालाच तुमचं नाव लावून टाकू," मुलाणी हवालदार म्हणाले आणि पंचनाम्याचा कागद त्यांनी पुढे सरकवला.

"नको साहेब. दुसरी कुठलीही जमीन द्या, एवढी नको," भगवान थोरबोले हसले. कडुनिंबाखाली उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. त्यांच्या केसांतून कालव्याचं पाणी अजून शर्टाच्या कॉलरवर ओघळत होतं.

मी शवागाराच्या दारात उभी होते. नाकावर ओढणी, हातात पॅड. अकराला दहा कमी होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. वडशिंगीच्या उपजिल्हा रुग्णालयात मी न्यायवैद्यक विभागाची डॉक्टर होते. विभाग म्हणजे मी, एक दगडी टेबल, पाण्याची एक टाकी आणि लक्ष्मण सरवदे. सरवदेमामा कागदोपत्री सफाई कामगार होते, पण सव्वीस वर्षं प्रेतं तेच उघडत होते. माझ्याआधीचे सगळे डॉक्टर दारात उभे राहत, मामा आतून सांगत, "काळीज बरं हाय, पोटात भात हाय," आणि डॉक्टर लिहीत. मी एम.डी. होऊन, सुवर्णपदक घेऊन तिथं गेले होते. पहिल्या आठवड्यात आत उभी राहिले. मग मीही दारात आले.

घाई होती. हॉस्पिटलच्या मागेच क्वार्टर होतं, दोनशे पावलांवर. तिथं सासूबाईंच्या मांडीवर माझी आठ महिन्यांची मिनू होती. अकरा आणि तीन या तिच्या पिण्याच्या वेळा. बाटली तोंडात धरत नव्हती. अकरा वाजायच्या आधीच माझी छाती दगड व्हायची.

"म्याडम, जावा तुम्ही," आतून मामा म्हणाले. "मी उघडून ठेवतो. आल्यावर बघा."

"कालव्यातलीच ना?"

"व्हय. थोरबोल्यानंच काढली. बुडालेली."

थोरबोले पट्टीचे पोहणारे. डाव्या कालव्यात कुणी बुडालं की पोलीस पहिला फोन त्यांना करत. ते उडी घ्यायचे, प्रेत काढायचे, टेम्पोत घालून आणायचे आणि पंचनाम्याला पंच म्हणूनही तेच सही करायचे, कारण दुसरं कुणी तिथं थांबत नसे. पंधरा ऑगस्टला तहसीलदारांनी त्यांना शाल दिली होती. पैसे कधी मागत नसत. मुलाणी म्हणायचे, "आमचा सरकारी पंच. पगार तेवढा नाही."

मी पॅड खाली ठेवायला वळले. तेवढ्यात मामांनी छातीवर पहिली चीर घेतली आणि थांबले. ते सहसा थांबत नसत.

"काय झालं?"

"काय नाही. जावा तुम्ही."

मी आत पाहिलं. चिरेच्या कडेनं पांढरं आलं होतं. पू नव्हता. पू कसा असतो ते मला माहीत होतं, आणि हे काय असतं तेही माहीत होतं. माझ्या कुर्त्याच्या आत त्याच क्षणी तेच झिरपत होतं.

"पाजती बाई हाय," मामा खाली बघत म्हणाले.

"हो."

"ल्हान मूल असंल कुठंतरी."

मी ओढणी नाकावरून काढून कमरेला गुंडाळली. ग्लोव्हजचा खोका कुठं असतो ते मला मामांना विचारावं लागलं. त्यांनी खिडकीच्या कट्ट्याकडे हात केला. खोक्यावर धूळ होती.

"मामा, आधी डोकं, मग छाती. रक्त सगळं उतरू दे. मान शेवटी, आणि ती मी करणार."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुरी धुतली.

दीड तास लागला. मानेचे पापुद्रे एकेक करून उचलायचे असतात, जुन्या पोथीची पानं चिकटली की उचलतात तसे. वरची कातडी पाण्यानं सुरकुतली होती, तिच्यावर काही दिसत नव्हतं. खाली, स्नायूंत, दोन्ही बाजूंना काळपट रक्त साकळलं होतं. त्याच्या खाली, जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. कंठास्थी. माणूस बुडून मेला तर ते मोडत नाही. कुणी हातानं गळा दाबला तर मोडतं. त्याचं डावं टोक माझ्या बोटाखाली हललं.

"मोडलंय," मी म्हणाले.

"व्हय."

"तुम्ही कधी पाहिलं? मी तर आत्ता..."

"हिचं नाही. आधीच्या तिघींचं." मामा नळाखाली हात धरून उभे होते. "मान काढताना हाताला कुरकुर लागती. कोंबडीचं हाड चावल्यावानी. तिघींच्याबी लागली."

आधीच्या तिघी. बेवारस बायका, पाच महिन्यांत तीन, तिन्ही कालव्यातल्या, तिन्ही थोरबोल्यांनीच आणलेल्या. मी त्यांचे चेहरे आठवायला गेले आणि आठवली ती मिनू. पहिली आली तेव्हा मिनू कुशीवर वळायला लागली होती. दुसरीच्या वेळी तिला नळ सुटल्यासारखी सर्दी झाली होती. तिसरी आली त्या आठवड्यात खालचा पहिला दात चमच्याला लागला, टिंग आवाज आला होता. बायकांचं काहीच आठवेना. तिन्ही अहवाल मात्र आठवले. छापील फॉर्ममध्ये मानेचा एक रकाना असतो. त्यात मी तिन्ही वेळा लिहिलं होतं, 'कंठास्थी इन्टॅक्ट'. शाबूत. मामांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. तो रकाना मी चालताना भरायची, क्वार्टरकडे जाता जाता.

"मामा, सांगितलं का नाही मला?"

"तुमच्या आधीच्या सायबांना एकदा सांगितलं हुतं, दुसऱ्याच कुठल्या मयतीचं. म्हणले, सरवदे, कुठल्या कॉलेजात शिकलास? तवापास्नं जेवढं विचारत्यात तेवढं सांगतो."

"आणि मी विचारलंच नाही."

"तुम्हाला घाई असती," मामा म्हणाले. "बाळ ल्हान हाय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाहेरून मिनूच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग तो थांबला. मी ग्लोव्हज काढले, हात दोनदा धुतले आणि दारात आले. कडुनिंबाखाली सासूबाई नळावर वाकून दुपट्याचं टोक पिळत होत्या. मुलाणी फोनवर होते. आणि मिनू थोरबोल्यांच्या कडेवर होती. एक हात तिच्या बुडाखाली, दुसरा मानेमागं. तान्ह्या मुलाला धरायचं असतं अगदी तसंच धरलं होतं.

"अगं वृंदा, साडेबारा वाजले," सासूबाई म्हणाल्या. "रडून रडून निळी झाली, म्हणून घेऊन आले. या भाऊंनी घेतली आणि बघ, एकदम गप्प."

"मला पोरं भीत नाहीत," थोरबोले म्हणाले.

मी चालत गेले. घाई केली नाही. पंचवीस-तीस पावलं असतील.

"आज लई वेळ लागला, म्याडम."

"हो. पोटात काही सापडतंय का बघत होते."

"मग?"

"काही नाही."

"बुडूनच ना?"

मिनूनं त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं. मी तिची बोटं सोडवली, एकेक. नखं वाढली होती तिची, कापायला झाली होती.

"बुडूनच," मी म्हणाले आणि तिला घेतलं.

"मी म्हणलंच होतं साहेबांना." त्यांनी शर्ट नीट केला. "जावा, पाजा तिला. आमच्यापायी उपाशी राह्यली."

घरी जाऊन मी मिनूला पाजलं. ती पिता पिता झोपली. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, चार वाक्यांत. त्यांनी मधे एकच विचारलं, "त्यानं कुठं कुठं हात लावला हिला?" मग पाणी तापवलं आणि झोपलेल्या मिनूला उठवून आंघोळ घातली. संध्याकाळी पुन्हा घातली. रात्री निजायच्या आधी पुन्हा एकदा. मिनूला मजा वाटत होती.

मुलाणींना मी त्याच दुपारी माझ्या ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

"काय म्याडम, चहा आहे का फायरिंग?"

"बसा. ती बुडालेली नाही. गळा दाबलाय."

ते बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, अक्षर फार सुंदर. त्यांचे पंचनामे वाचायला मला आवडायचे.

"नक्की?"

"हाड मोडलंय. मी स्वतः पाहिलं."

"स्वतः," ते म्हणाले.

"आधीच्या तिघींचंही मोडलं होतं. सरवदेमामांच्या हाताला लागलं होतं."

"तुमच्या रिपोर्टात तसं नाही."

"नाही."

मुलाणी म्हणाले, "चौघींनाबी त्यानंच काढलं."

"हो."

"फोनबी त्याचाच. साहेब, कालव्यात बाई दिसती, येता का. आम्ही जाईपर्यंत ह्यो काढून मोकळा." ते बोटं मोडत होते. "दुसरी आठवती तुम्हाला? हिरव्या लुगड्याची? एक्केचाळीस नंबरच्या चारीपाशी मिळाली. मी त्या दिवशी घरी गेल्यावर मनाशी म्हणलं, आवर्तन तर बंद हाय. पाटबंधारेवाल्यांनी आठ दिवस पाणी सोडलं नव्हतं. कालव्यात नुसती डबकी. मग बाई वाहत आली कुठनं?"

"मग?"

"मग काय. झोपलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचा कागद आला होता ना. बुडून मृत्यू. एम.डी. डॉक्टरचा कागद हाय म्हणल्यावर मी कोण?"

त्यांचा पंचनामा माझ्या कागदावर टेकला होता. आणि त्यांचा पंचनामा वाचून मी माझा कागद लिहिला होता. 'पोलिसांच्या हकिगतीप्रमाणे' असं वर एक वाक्य असायचं.

"उचला त्याला," मी म्हणाले.

"कशावर? एका मानेवर? उद्या त्याचा वकील म्हणंल, ह्यो तर समाजसेवक, मागची पन्नास प्रेतं काढली तशी हीबी काढली. मारलं दुसऱ्याच कुणी. मी काय सांगू? तिघी आधीच्या हायत, म्हणू? त्या तर बुडाल्यात. तुम्हीच लिवलंय." ते थांबले. "चौघी असल्या म्हणजे तो. एकटी असली तर कुणीबी."

"त्या तिघी पुरल्यात ना?"

"नगरपालिकेनं. सरवद्यानंच पुरल्यात. पण उकरायच्या तर तहसीलदाराचा हुकूम पायजे, आणि हुकमासाठी अर्ज पायजे, आणि अर्जात लिहावं लागणार की पहिला रिपोर्ट खोटा हाय."

"चुकीचा."

"तुम्ही म्हणा चुकीचा," मुलाणी म्हणाले. "माझ्याबी चार पंचनाम्यांवर त्याच्याच सह्या हायत. खुन्याला पंच घेतला म्हणून मला काय बक्षीस देणार नाहीत. पण माझी तीन वर्षं राह्यलीत. तुमची सगळी हाय पुढं. बघा."

दोन दिवसांनी चौथीचं नाव कळलं. मी मुलाणींना सांगितलं होतं, अंगावर पाजणारी बाई हरवली आहे का बघा. असं कुणी शोधत नाही, पण त्यांनी शोधलं. रोहिणी नवगिरे, वय बत्तीस, गाव तिथून वीस किलोमीटर. लग्नाला नऊ वर्षांनी मूल झालं होतं, पाच महिन्यांचा मुलगा. त्याच्या जन्माचा दाखला आणायला तालुक्याला आली होती. शेवटची एसटी चुकली. कालव्याच्या पुलावर थांबली होती एवढं एका पानवाल्यानं पाहिलं. मग एका ओळखीच्या चांगल्या माणसाच्या मोटारसायकलवर बसताना पाहिलं. कोण होता ते तो अजून सांगत नव्हता.

"पोरगं वाटीनं दूध घेत नाही म्हणं," मुलाणी म्हणाले. "आजी रात्रभर येरझाऱ्या घालती."

तीन वाजले होते. मी घरी गेले आणि मिनूला पाजलं. दोन्ही बाजूंनी. पुरून उरलं.

थोरबोले रोज दिसायचा. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. नमस्कार करायचा, मीही करायची. पाचव्या दिवशी मी ओपीडीतून बाहेर पडले तर तो फाटकापाशी उभा होता.

"म्याडम, मुलाणीसाहेब फोन उचलत नाहीत. माझं काय चुकलं का?"

"मला काय माहीत?"

"नाही, म्हणलं तुम्ही सांगाल. आपण एका टीममधली माणसं." तो हसला. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "जावा, जावा. अकराला पाच कमी. तुमची वेळ झाली."

मी क्वार्टरकडे निघाले. अर्ध्या वाटेत पाय थांबले. चौघीही अकराच्या आत आल्या होत्या. पावणेअकरा, अकराला दहा, अकराला पाच. एकही बाई सकाळी नऊला आली नव्हती, एकही दुपारी एकला आली नव्हती. नोंदवहीत मी वेळ हा रकाना भरत होते, स्वतःच्या हातानं, आणि कधी खाली वाचलं नव्हतं. माझं दूध कधी उतरतं हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

मला रडू वगैरे काही आलं नाही. घरी गेले, मिनूला मांडीवर घेतलं, आणि तिचं पिणं होईपर्यंत एका हातानं अर्ज लिहिला. तीन ओळींचा झाला. 'खाली नमूद केलेल्या तीन शवविच्छेदन अहवालांतील मानेची तपासणी प्रत्यक्षात झालेली नाही. तरी प्रेतं उकरून फेरतपासणी व्हावी.' सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी वाचायला मागितला. चष्मा लावून वाचला.

"नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक."

"सही मजकुराला लागून कर, मधे जागा सोडू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं नोकरी केली होती. "रिकाम्या जागेत लोक काहीबाही लिहितात."

हुकूम यायला नऊ दिवस लागले. आदल्या संध्याकाळी मुलाणींनी थोरबोल्याला चौकशीला म्हणून ठाण्यात बसवला. चहा दिला, बिस्कीट दिलं. तो शांत होता म्हणे. उद्या कुठं काय उकरणार आहेत ते त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "उकरा की. म्याडमनी लिहून दिलंय." दुसरं काही बोलला नाही. तेव्हाही नाही, पुढं कोर्टातही नाही. का केलं हे कुणालाच कळलं नाही.

नगरपालिकेच्या कचरा डेपोच्या पलीकडे एक माळ आहे. बेवारस प्रेतं तिथं पुरत. दगड नाही, पाटी नाही, नुसती बाभळीची झुडपं. सकाळी आठला आम्ही तिथं होतो. तहसीलदार, मुलाणी, फोटो काढणारा, दोन खोदणारे. आणि वैद्यकीय महाविद्यालयातून पॅनेलचे प्रमुख म्हणून आलेले हुपरीकर सर. त्यांनीच मला शिकवलं होतं. सुवर्णपदक त्यांच्या हातून घेतलं होतं.

"वृंदा, बाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे, सर. बसायला लागली."

"छान."

नगरपालिकेच्या नोंदवहीत फक्त 'बेवारस स्त्री' आणि तारीख होती, जागा नव्हती. तहसीलदार वैतागले. "एवढ्या माळावर कुठं खणायचं?"

सरवदेमामा पुढं झाले. चपला काढल्या. एका बाभळीपासून सात पावलं चालले, वळले, तीन पावलं चालले आणि टाचेनं माती दाबली. "ही पहिली. हिकडं डोकं." मग दुसरीकडे गेले. "ही हिरव्या लुगड्याची." मग तिसरी. एकदाही चुकले नाहीत.

पहिली वर काढायला तास लागला. मग सरांनी मला खुणावलं. मी खड्ड्याशेजारच्या ताडपत्रीवर गुडघ्यावर बसले. पाच महिने मातीत गेलेल्या शरीरात काय शिल्लक राहतं ते इथं सांगत नाही. हाड राहतं. मी ते पाण्यानं धुतलं, ब्रशनं माती काढली आणि तळहातावर ठेवून सरांपुढे धरलं. उजवं टोक मोडलेलं होतं. मोडलेल्या कडेला तांबूसकाळा डाग होता. आता, खणताना मोडलं असतं तर कड पांढरी असती. डाग म्हणजे मोडलं तेव्हा बाई जिवंत होती.

सरांनी भिंगातून बघितलं. खूप वेळ बघितलं. फोटोवाल्यानं चार फोटो काढले.

"मूळ अहवालात काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"इन्टॅक्ट."

सर उठले. मला घेऊन चार पावलं बाजूला आले. आवाज खाली आणला, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला एकटीला समजावावं तसा.

"हे बघ. अशा ठिकाणी प्रेत कोण उघडतं ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. अटेंडंटनं तपासून सांगितलं, त्याच्या सांगण्यावर विसंबून डॉक्टरनं नोंद केली, असं मी लिहू शकतो. पद्धतीतला दोष. तुला ठपका येईल, नोकरी राहील. नोंदणी राहील. त्याचं काय, त्याला दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचंय."

मी मामांकडे बघितलं. ते दुसऱ्या खड्ड्यापाशी उकिडवे बसून खोदणाऱ्याला सांगत होते, "हळू. हळू मार. माणूस हाय खाली." त्यांना ऐकू येत नव्हतं. आलं असतं तरी ते काही बोलले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. चौकशीत कुणी विचारलं असतं, 'सरवदे, तू म्याडमना चुकीचं सांगितलंस का?', तर मान खाली घालून 'व्हय' म्हणाले असते. कारण बाळ ल्हान हाय.

एक वाक्य होतं ते. आणि खरं सांगायचं तर मला त्या वेळी फारसं काही वाटत नव्हतं. ना भीती, ना चांगलं वागण्याची हौस. छाती भरून आली होती, अकरा वाजत आले असणार, एवढंच कळत होतं.

"नाही, सर," मी म्हणाले.

"काय नाही?"

"त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी तिथं नव्हते. घरी निघाले होते. चालता चालता तो रकाना भरला. तिन्ही वेळा."

"वृंदा, मी हे असंच्या असं लिहिलं तर..."

"असंच्या असं लिहा. नाहीतर त्याचा वकील म्हणेल, अटेंडंट तेव्हा एक बोलला, आता दुसरं बोलतोय. मग मामांचं कुणी खरं धरणार नाही. आणि त्या तिघींच्या माना बघितलेला तेवढा एकच माणूस आहे."

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि परत लावला. ते वळले, दुसऱ्या खड्ड्याकडे चालत गेले आणि उभे राहिले.

"तुमचं पूर्ण नाव काय?" त्यांनी विचारलं.

मामांना वाटलं खोदणाऱ्याला विचारताहेत. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. खोदणाऱ्यानं मामांकडे बघितलं.

"तुम्हाला विचारतोय. नाव सांगा."

मामा उठून उभे राहिले. हाताची माती लेंग्याला पुसली. "लक्ष्मण गेनू सरवदे."

"सरवदे, या तिन्ही प्रेतांच्या माना तुम्ही उघडल्या होत्या?"

"व्हय, सायेब."

"तुमच्या हाताला काय लागलं, काय दिसलं, ते पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. घाई नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

पुढचं सगळं झालं, जसं व्हायचं होतं. तिघींचीही हाडं मोडलेली निघाली. पानवाल्यानं नाव सांगितलं. थोरबोल्याला जन्मठेप लागली, चौघींबद्दल. पहिल्या दोघींची नावं शेवटपर्यंत कळली नाहीत. निकालपत्रात त्यांना क्रमांक आहेत. मुलाणींची बढती अडली. मला बडतर्फ केलं आणि वैद्यक परिषदेनं तीन वर्षांसाठी माझी नोंदणी काढून घेतली. आता मी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. काचपट्ट्या स्वतः बघते.

त्या माळावर मामा थांबत थांबत बोलू लागले. एकदा बोलायला लागल्यावर मात्र त्यांना सगळं आठवत होतं, कुठल्या बाईच्या गळ्यात काळे मणी होते, कुठलीच्या कानात काडी होती, हाताला कुरकुर डावीकडे लागली की उजवीकडे. लिहून घ्यायला कारकून आला नव्हता. तहसीलदारांच्या शिपायाचं अक्षर कुणाला लागेना.

"कुणीतरी लिहा," सर म्हणाले.

मुलाणींनी आपलं पॅड पुढं केलं. ते मी घेतलं. मातीच्या ढिगाऱ्यावर, मामांच्या पायाशी बसले, आणि ते जे बोलत होते ते त्यांच्याच शब्दांत लिहायला लागले.